विश्लेषण : क्लबच गाव सोडून गेला, तर चाहत्याने निष्ठा कोणाशी ठेवायची?

संघ हरतो, प्रशिक्षक बदलतात, आवडते खेळाडू विकले जातात, तिकिटे महागतात. तरी निष्ठावान चाहता पुढच्या सामन्याला हजर असतो. व्यावसायिक खेळाचा सारा डोलारा याच हट्टावर उभा आहे. पण मालकाने संघच उचलून दुसऱ्या शहरात नेला तर? लंडनमधील विम्बल्डनच्या फुटबॉलप्रेमींवर २००२ मध्ये ही वेळ आली. पुणेकरांवर तर आपला संघ गमावण्याची वेळ एकदा नव्हे, अनेकदा आली. अशा वेळी निष्ठा नेमकी कोणाशी असते, खेळाडूशी, मालकाशी, नावाशी की गावाशी?

विम्बल्डनचा संघ गेला कसा?

विम्बल्डन म्हटले की आपल्याकडे टेनिसच आठवते. पण लंडनच्या या उपनगराचा १८८९ पासूनचा फुटबॉल क्लबही होता. जवळपास नऊ दशके तो खालच्या लीगमध्येच खेळत राहिला. १९७७ मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि अवघ्या नऊ वर्षांत तो इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत पोहोचला. १४ मे १९८८ रोजी वेम्बलीवर एफए चषकाच्या अंतिम सामन्यात या संघाने त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवले. लॉरी सांचेझने हेडरद्वारे केलेला गोल आणि गोलरक्षक डेव्ह बेसंटने अडवलेली जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी यांवर विम्बल्डनच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या.

पुढच्याच वर्षी शेफिल्डमधील हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ चाहते दगावले. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणीतील मैदानांवर उभ्याने सामना पाहणे बंद करून सर्वांना आसने देण्याचा आग्रह धरला. प्लाऊ लेन हे विम्बल्डनचे जुने, लहानसे मैदान त्यात बसत नव्हते. १९९१ मध्ये क्लबने ते सोडले आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये भाडेकरू म्हणून बस्तान हलवले. सोय तात्पुरती असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात प्लाऊ लेनची जागा पुढे विकली गेली, आज तिथे निवासी इमारती आहेत. भाड्याच्या घरात क्लबचा जीव कधी रमला नाही. प्रेक्षक कमी झाले, तोटा वाढला. योगायोग असा की एफए चषक जिंकल्याला बरोबर १२ वर्षे झाली त्याच दिवशी, १४ मे २००० रोजी, संघाची प्रीमियर लीगमधून घसरण झाली.

ऑगस्ट २००१ मध्ये व्यवस्थापनाने जाहीर केले, की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. हे शहर सुमारे ९० किलोमीटर दूर. दादरचा संघ लोणावळ्याला नेण्यासारखाच प्रकार. मिल्टन कीन्स हे नवी मुंबईसारखे नियोजनपूर्वक वसवलेले शहर, तिथे व्यावसायिक फुटबॉल क्लब नव्हता. स्टेडियमभोवती मोठी दुकाने उभारण्याचा प्रकल्प तयार होता आणि त्याला एक तयार संघ हवा होता. चाहत्यांनी मोर्चे काढले, सामन्यांत घोषणा दिल्या, लीगनेही आधी नकार दिला. प्रकरण फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या त्रिसदस्यीय आयोगाकडे गेले. २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला परवानगी दिली. चाहत्यांनी शून्यातून नवा क्लब काढणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असा शेराही अहवालात होता. चाहत्यांनी तो मनावर घेतला. पुढे कितीतरी वर्षे हे शब्द त्यांच्या चेष्टेचा विषय झाले.

मग चाहत्यांनी काय केले?

त्यांनी नेमके तेच केले, जे आयोगाला नको होते. निकालानंतर काही आठवड्यांतच ‘एएफसी विम्बल्डन’ हा क्लब स्थापन झाला. मैदान नाही, प्रशिक्षक नाही, एकही खेळाडू नाही. जून २००२ च्या अखेरीस विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक मोकळ्या जागेवर खुली निवड चाचणी झाली. कुणीही यावे, असे आवाहन होते आणि दोनशेहून अधिक जण बूट घेऊन आले. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्धचा पहिला मैत्रीपूर्ण सामना नवा संघ ४-० असा हरला. प्रेक्षक मात्र साडेचार हजारांवर होते.

क्लबला प्रवेश मिळाला तो कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत थेट नवव्या स्तरावर. या स्तरावर सामन्याला शंभर माणसे आली तरी गर्दी म्हणतात. एएफसी विम्बल्डनच्या घरच्या सामन्यांना पहिल्याच हंगामात सरासरी तीन हजार प्रेक्षक येऊ लागले. वर दुसऱ्या श्रेणीत खेळणारा मूळ विम्बल्डन क्लब अजून सेलहर्स्ट पार्कवरच होता. त्या हंगामात त्याला तेवढेही प्रेक्षक लाभले नाहीत. जून २००३ मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्सला पोहोचला आणि २००४ मध्ये त्याचे नाव ‘मिल्टन कीन्स डॉन्स’ झाले.

खालून वर येणाऱ्या संघाची कहाणी इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण निष्ठेची किंमत वर्षांत मोजावी लागते. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात संघ लीगचे सलग ७८ सामने अपराजित राहिला. इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉलमधला हा विक्रम. मे २०११ मध्ये ल्युटन टाऊनविरुद्धची प्ले-ऑफ अंतिम लढत पेनल्टी शूटआऊटमध्ये जिंकून क्लब फुटबॉल लीगमध्ये परतला. नऊ हंगामांत पाच बढत्या. डिसेंबर २०१२ मध्ये एफए चषकात तो पहिल्यांदाच मिल्टन कीन्स डॉन्सला भिडला आणि २-१ असा हरला. २०१६ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. त्याच वर्षी मिल्टन कीन्सचा संघ वरून घसरून त्याच श्रेणीत आला आणि दोघे एका पायरीवर उभे राहिले.

मैदान मिळायला आणखी वेळ लागला. जुन्या प्लाऊ लेनपासून हाकेच्या अंतरावर श्वानशर्यतींचे एक बंद पडलेले स्टेडियम होते. त्या जागेवर सुमारे नऊ हजार क्षमतेचे नवे मैदान बांधायचे ठरले. खर्च वाढत गेला, पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा हिस्सा विकणे हा सोपा मार्ग होता. पण क्लबचे नियंत्रण ‘डॉन्स ट्रस्ट’ या चाहत्यांच्या संस्थेकडे आहे आणि तिथे एका सदस्याला एकच मत. २०२० च्या सुरुवातीला चाहत्यांनी रोखे काढून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम आपापसांत उभी केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी नव्या प्लाऊ लेनवर पहिला सामना झाला, डॉन्कास्टरविरुद्ध २-२ असा बरोबरीत सुटलेला. करोनामुळे स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नव्हता. ज्यांनी २९ वर्षे वाट पाहिली, त्यांनी घरवापसी घरी बसून पडद्यावर पाहिली.

निष्ठावान चाहता आणि ग्राहक यांत फरक काय?

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात एक साधी मांडणी केली. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात. एक, सोडून जाणे. दुसरा, आत राहून आवाज उठवणे. यांपैकी काय निवडायचे, हे निष्ठा ठरवते. निष्ठा असलेला माणूस लगेच सोडून जात नाही, आधी भांडतो. साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा साबण घेतो. त्यासाठी तो कंपनीच्या दारात मोर्चा नेत नाही. फुटबॉलचा चाहता याच्या बरोबर उलट वागतो. विम्बल्डनचा संघ गेला म्हणून तो शेजारच्या फुलहॅमचा किंवा क्रिस्टल पॅलेसचा चाहता होत नाही. तसे करणे त्याला जमतच नाही.

मालकांना हे पक्के ठाऊक असते. जो ग्राहक दुकान बदलूच शकत नाही, त्याला भाव वाढवून दाखवायला कोण घाबरेल? त्यामुळे निष्ठा हा सद्गुण असला तरी बाजारात तो चाहत्याचा दुबळा बिंदू ठरतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने काही तिकिटे ७७ पौंडांपर्यंत नेण्याचे ठरवले, तेव्हा संदरलंडविरुद्ध संघ २-० असा आघाडीवर असताना हजारो चाहते ७७ व्या मिनिटाला उठून मैदानाबाहेर पडले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. विशेष म्हणजे चाहते लिव्हरपूलला सोडून गेले नव्हते, फक्त १३ मिनिटांसाठी बाहेर गेले होते.

हरल्यावरची भाषा का महत्त्वाची?

सगळेच चाहते इतके चिवट नसतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणाऱ्यांची संख्या वाढत होती. सामन्याविषयी विचारल्यावर जिंकलेल्या सामन्यासाठी ‘आपण’ आणि हरलेल्यासाठी ‘ते’ असा शब्दप्रयोग अधिक होत होता. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात शेकणे, असे या वृत्तीचे वर्णन करता येईल. आपल्याकडेही ‘आपण वर्ल्ड कप जिंकला’ आणि ‘यांना खेळताच येत नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून, एकाच घरात ऐकू येतात.

निष्ठावानाची ओळख म्हणूनच विजयात पटत नाही. ‘आपण हरलो’ असे जो म्हणतो, तो खरा. विम्बल्डनच्या चाहत्यांना नवव्या श्रेणीत जायला लाज वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी संघ तोच होता. निळा-पिवळा रंग तोच, शेजारी बसणारी माणसे तीच, शनिवारची दुपार तीच. बदलला होता फक्त कंपनीचा नोंदणी क्रमांक. उलट जो संघ कायद्याने ‘तोच’ होता, ज्याच्याकडे खेळाडूंचे करार आणि लीगमधील जागा होती, तो त्यांच्यासाठी परका ठरला. क्लब म्हणजे कोण, हा प्रश्न आयोगाने कागदांवरून सोडवला, चाहत्यांनी माणसांवरून. शेवटी २००७ मध्ये मिल्टन कीन्स डॉन्सने जुन्या विम्बल्डनच्या चषकांचा वारसा मर्टन या तिथल्या स्थानिक परिषदेकडे सुपूर्द केला आणि त्या इतिहासावरचा दावाही सोडला.

या कथेत सगळे निरागस आहेत का?

नाही. एएफसी विम्बल्डनने सुरुवातीला ज्या किंग्जमेडो मैदानावर आसरा घेतला, ते किंग्स्टोनियन या जुन्या क्लबचे घर होते. तो क्लब आर्थिक अडचणीत असताना मैदान विम्बल्डनच्या हाती आले आणि किंग्स्टोनियन स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला. पुढे प्लाऊ लेनसाठी पैसा हवा म्हणून किंग्जमेडो चेल्सीला विकले गेले. २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला बाहेर पडावे लागले आणि त्यानंतर तो क्लब इतरांच्या मैदानांवर खेळत फिरला. ज्यांचे घर गेले, त्यांच्या घरवापसीसाठी आणखी एकाचे घर गेले. ‘चाहत्यांचा क्लब’ म्हणून होणाऱ्या कौतुकात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

आणि मिल्टन कीन्सच्या पोरांचे काय? ज्याचा जन्म २००५ चा, त्याने वडिलांचे बोट धरून पाहिलेला पहिला सामना मिल्टन कीन्स डॉन्सचाच. ऑगस्ट २०१४ मध्ये याच संघाने मँचेस्टर युनायटेडला लीग चषकात ४-० असे लोळवले, तेव्हाचा त्याचा आनंद खोटा कसा म्हणणार? त्याच शहरात वाढलेला डेले अली त्या रात्री खेळत होता. मूळ पाप मालकांचे आणि आयोगाचे असले, तरी तिथे उगवलेली निष्ठा आता खरीच आहे. विम्बल्डनच्या जुन्या चाहत्यांना मात्र हे पटत नाही, आणि पटावे अशी अपेक्षाही कुणी करू नये.

मालकांना आवरणारे नियम कुठे आहेत?

जर्मनीत ‘५० अधिक १’ हा नियम आहे. १९९८ मध्ये तिथल्या क्लबांना आपला फुटबॉल विभाग कंपनीत रूपांतरित करण्याची मुभा मिळाली, तेव्हाच ही अट घालण्यात आली. गुंतवणूकदार कितीही पैसा ओतो, मतदानाचा बहुमताचा अधिकार सदस्यांच्या मूळ संस्थेकडेच राहील. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग हे कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेले क्लब अपवाद ठरले, तर रेड बुलच्या पैशावर २००९ मध्ये उभ्या राहिलेल्या लाइपझिगने मोजकेच सदस्य ठेवून नियमाची पळवाट काढल्याचा राग तिथल्या चाहत्यांत आहे. तरीही नियम टिकून आहे. २०२३-२४ च्या हंगामात लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा स्टेडियमांतून टेनिसचे चेंडू मैदानात पडू लागले. सामने पुन्हा पुन्हा थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडून दिला. त्याच देशात युनियन बर्लिनच्या दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी २००८-०९ मध्ये स्वतः घमेली-फावडी उचलून आपले स्टेडियम नव्याने बांधले होते. असे चाहते चेंडू फेकतात, तेव्हा मालकांना ऐकावे लागते.

इंग्लंडला जाग आली ती १८ एप्रिल २०२१ ला. युरोपातील १२ बड्या क्लबांनी स्वतःची ‘सुपर लीग’ जाहीर केली, त्यात सहा इंग्लिश. चेल्सीच्या चाहत्यांनी २० एप्रिलला स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवला आणि त्याच रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्यानंतर नेमलेल्या परीक्षण समितीच्या शिफारशींतून ‘फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट २०२५’ हा कायदा आला आणि स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. आता क्लबला मैदान विकायचे वा गाव सोडायचे असेल तर नियामकाची परवानगी लागेल. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. विम्बल्डनच्या चाहत्यांना हा कायदा २३ वर्षे उशिरा मिळाला.

मोहन बागानच्या चाहत्यांनी काय मिळवले?

विम्बल्डनच्याच वर्षी, १८८९ मध्ये, कोलकात्यात मोहन बागानची स्थापना झाली. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकणारा हा क्लब. २०२० मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) उतरला, तो संजीव गोएंका यांच्या समूहाच्या ‘एटीके’ संघाशी हातमिळवणी करून. ८० टक्के हिस्सा समूहाकडे गेला आणि नाव झाले ‘एटीके मोहन बागान’. हिरवा-मरून रंग आणि बोधचिन्हातली नाव राहिली, पण १३१ वर्षांच्या नावाआधी सहा वर्षांच्या संघाची तीन अक्षरे बसली. चाहत्यांनी ‘रिमूव्ह एटीके’ ही मोहीम समाजमाध्यमांपासून रस्त्यापर्यंत नेली, तीही संघ चांगला खेळत असताना. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्डा मैदानावर संघाने आयएसएल जिंकली आणि विजयानंतर लगेच गोएंका यांनी ‘एटीके’ हटवत असल्याची घोषणा केली.

नवे नाव मात्र ‘मोहन बागान सुपर जायंट’. हे ‘सुपर जायंट’ पुणेकरांच्या ओळखीचे असणार. २०१६ व २०१७ अशी दोनच वर्षे खेळलेल्या गोएंका यांच्याच आयपीएल संघाचे नाव होते ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’. पुढे हीच बिरुदावली लखनौला गेली. शहर बदलते, मालकाचे आडनाव लावावे तसे हे बिरुद सोबत राहते.

पुण्याच्या वाट्याला काय आले?

पुण्यातल्या क्रीडाप्रेमीने दीड दशकात किती संघांना निरोप दिला, याची नुसती यादी बोलकी आहे. आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ ‘पुणे वॉरियर्स’. मग वर उल्लेख आलेला सुपरजायंट, जो २०१७ ची अंतिम लढत मुंबई इंडियन्सकडून अवघ्या एका धावेने हरला आणि नंतर उरलाच नाही. फुटबॉलमध्ये २००७ पासूनचा ‘पुणे एफसी’, २०१२-१३ च्या आय-लीगचा उपविजेता, २०१५ मध्ये बंद. ‘भारत एफसी’ एकाच हंगामाचा पाहुणा. ‘डीएसके शिवाजियन्स’ २०१७ पर्यंत.

आणि ‘एफसी पुणे सिटी’. २०१४ पासून बालेवाडीत खेळणाऱ्या या संघासाठी ‘ऑरेंज आर्मी’ या नावाने चाहत्यांचा गट उभा राहिला होता. ढोल, झेंडे, केशरी जर्सी, सगळे होते. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब गुंडाळला गेला आणि आयएसएलमध्ये त्याची जागा ‘हैदराबाद एफसी’ने घेतली. प्रशिक्षक फिल ब्राऊन आणि बरेच खेळाडूही तिकडे गेले. तीन हंगामांत, मार्च २०२२ मध्ये, हैदराबाद आयएसएल विजेता ठरला. पुण्याच्या चाहत्याने त्या रात्री आनंद मानायचा की हळहळायचे? विम्बल्डनकरांसारखा नवा क्लब काढावा, तर भारतात खालून वर चढत जाण्याची तशी जुनी, पक्की शिडी नाही. खेळायला परवडणारी मैदाने तर त्याहून दुर्मीळ. इथे चाहत्याकडे निष्ठा असते, ती ठेवायला जागा नसते.

ही फिरती इथेही थांबली नाही. दिल्लीचा ‘दिल्ली डायनामोज’ २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा एफसी’ झाला होता. २०२५ मध्ये हैदराबाद एफसीचा संघ दिल्लीला हलवला गेला आणि त्याचे नाव ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाले. म्हणजे पुण्याच्या जागी हैदराबाद, हैदराबादच्या जागी दिल्ली, आणि दिल्लीचा जुना संघ भुवनेश्वरला.

क्रिकेटमध्ये निष्ठा संघाशी की खेळाडूशी?

आयपीएलने याचे उत्तर बऱ्याच अंशी खेळाडूच्या बाजूने दिले आहे. २०२४ च्या हंगामाआधी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार केले, तेव्हा वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी घरच्या कर्णधाराची हुर्यो उडवली. जर्सी तीच, शहर तेच, पण निष्ठा रोहितशी होती. त्याच वर्षी ४ जुलैला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकून भारतीय संघ वानखेडेवर आला आणि त्याच मैदानाने हार्दिकच्या नावाचा जयघोष केला.

चेन्नईचे उदाहरण जरा वेगळे. एप्रिल २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपावरील आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे हलवावे लागले. संघ दोन वर्षांच्या बंदीनंतर नुकता परतला होता. सुमारे एक हजार चाहते खास रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्याला आले आणि राजस्थानविरुद्धच्या सामन्यात गहुंजे पिवळेधमक झाले. अर्थात यातली किती माया चेन्नईवर आणि किती महेंद्रसिंह धोनीवर, हे वेगळे करणे अवघड आहे. स्वतःचा संघ नुकताच गमावलेले पुणेकरही त्या गर्दीत पिवळ्या जर्सी घालून होते.

कोल्हापूरचे काय वेगळे?

महाराष्ट्रात विम्बल्डनच्या सर्वांत जवळ जाणारे गाव शोधायचे तर ते कोल्हापूर. तिथला फुटबॉल तालमींचा आणि तरुण मंडळांचा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी ही नावे कोणा उद्योगसमूहाची नाहीत, ती पेठांची आणि गल्ल्यांची आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर भर उन्हात भरणाऱ्या गर्दीला आयएसएलच्या कितीतरी सामन्यांनी हेवा करावा. संघ विकून दुसऱ्या शहरात नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण विकणार कोण आणि पेठ नेणार कशी?

सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, परदेशी खेळाडू येऊ लागले, समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आणि काही वेळा स्पर्धेवरच संकट आले. खेळाडूंची पळवापळवीही दरवर्षीची. नोंदणीच्या दिवसांत कोण कुठल्या तालमीत गेला, याची चर्चा चहाच्या टपरीवर सामन्यांइतकीच रंगते. ज्याला गेल्या हंगामात खांद्यावर घेऊन नाचवले, तोच यंदा समोरच्या तालमीकडून उतरला, की त्याच गॅलरीतून त्याच्या नावाने शिट्ट्या आणि शिव्या सुरू होतात. पुढच्या वर्षी तो परत आला, तर खांदे पुन्हा तयार असतात.